टाकीच्या पलीकडं

...आणि कर्कटकाच्या टोकाखाली, खोडरबराच्या कडेला, तो पिवळा टवका. नखाएवढा. एका अंगानं आरशासारखा गुळगुळीत, दुसऱ्या अंगानं काळा, पोत्याच्या विणीसारखा उभा-आडवा, आणि वजन म्हणाल तर शेंगदाण्याच्या टरफलाएवढं, फुंकर मारली तर उडून जाईल. एवढी मोठी गाडी असल्या टरफलाची करतात? चैतालीनं तो बोटाच्या पेरावर घेतला, खिडकीतल्या उजेडात तिरका धरला, आणि परत तेच झालं, रोज होतं तेच. आधी रंग आवडला. आधी आवडला, मग तो कुठून आला ते आठवलं. दर वेळी याच क्रमानं. एकदा तरी उलट व्हावं...

"कंपास हुंगतीस का काय गं? पोरं कवाची थांबलीत भाईर," राजपाल दारातून म्हणाले. तिचे वडील. पायात रबरी बूट, खांद्यावर पाइपाचं भेंडोळं. हायवेच्या दुभाजकातल्या कण्हेरीला टँकरनं पाणी घालायचं काम करतात ते. "आजपासून तुझ्यावर हाय सगळं. ध्यान ठेव."

"ठेवते की पप्पा. काय एवढं," चैताली म्हणाली, आणि पेटी खटकन मिटली.

काय एवढं! हे तिचं नवीन होतं. सातवी-आठवीपर्यंत वर्गात नाव पुकारलं तरी तिचं 'हजर' पुढच्या बाकापर्यंत पोचायचं नाही, आणि यंदा दहावीत, पावसाळ्यात कधीतरी — तिला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं — आवाज फुटला. तालुक्याला भाषण केलं, माइक बंद पडला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. तेव्हापासून ती मोठ्यानं हसायची, मोठ्यानं भांडायची, मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची. सानिया, तिची मैत्रीण, म्हणायची, "भोंग्यानं तुला गिळलंय का तू भोंग्याला गिळलंयस?" म्हणून तर बुद्धविहारासमोर बसून सगळ्यांनी ठरवलं तेव्हा दुसऱ्या कुणाचं नाव निघालंच नाही. चैतालीचा आवाज मोठा. चैतालीची नजर तेज. विठाआत्यानंतर तिनंच पोरांना रस्ता पार करून द्यावा.

नजर तेज... हा शब्द तिथं तीनदा तरी उच्चारला गेला, आणि दर वेळी चैतालीला वाटलं की कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवतंय आणि त्याच हातानं दुसऱ्या कुणालातरी ढकलतंय.

वस्ती रस्त्याच्या या बाजूला, शाळा त्या बाजूला, मधे हा सोलापूर-हैदराबाद हायवे. भुयारी वाट आहे, नाही असं नाही. पण ती पार नळदुर्गाच्या तोंडाशी, तिथून वळसा घातला तर पहिला तास चुकतो, आणि पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी. म्हणून दुभाजकात जिथं कण्हेर वाळून गेली होती तिथं वस्तीनं आपली फट करून घेतली. विठाआत्या शाळेत खिचडी शिजवायची. तिला रोज जायचंच असायचं, तर बारकी पोरं तिच्या मागं लागली. मग त्यांची मोठी झाली, नवी बारकी आली, आत्या तीच. सख्खी आत्या कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्या वस्तीची. आणि तिचा कायदा एकच. हैदराबादकडची गाडी चढावरून वर आली की आधी ढाब्याची निळी टाकी लागते. गाडी टाकीच्या पलीकडं असली तर पाय उचलायचे, अलीकडं आली असली तर थांबायचं. मग तो ट्रक असो, एसटी असो, कारखान्याला निघालेला ऊस असो, नाहीतर कुणाची वऱ्हाडाची जीप. आधी ती स्वतः दुभाजकापर्यंत जायची, वळायची, टाकीकडं बघायची आणि म्हणायची, "हं... पाय उचला!" आणि पोरं कोंबडीच्या पिल्लांसारखी सुटायची.

पूर्वी खूण टाकीची नव्हती. एक कडुलिंब होता, बराच जवळ. रस्ता रुंद झाला, कडुलिंब गेला, गाड्यांना जोर आला, तेव्हा आत्यानं खूण मागं नेली. "गाड्या सुधारल्या, मग आपुन बी सुधारायचं," म्हणायची. "खूण मागं सारायची. रस्ता काय, लांब हाय की."

आज वस्तीच्या कडेला सात-आठ पोरं उभी होती, पहिलीतली उन्नती सगळ्यांत पुढं, वेण्यांना लाल फिती, दप्तर तिच्यापेक्षा मोठं. तिची आई तिचं मनगट धरून. "बघून ने गं माय," ती चैतालीला म्हणाली, "माजा जीव न्हाय लागत. मी तर ह्यांला म्हणलं, पोरगीच हाय, एखादं वरीस घरी बसली तर काय बिघडतंय... पर ते म्हणले, म्हातारीला दिसत न्हवतं म्हणून झालं. चैतालीला दिसतंय."

"दिसतंय की काकू. सगळं दिसतंय."

आणि चैताली दुभाजकापर्यंत गेली. वळली. टाकी निळी, सकाळच्या उन्हात अगदी स्वच्छ. टाकीच्या पलीकडं एक ट्रक, कपाळावर झेंडू, डुलत डुलत. तिनं हात वर केला आणि ओरडली, "पाय उचलाऽऽ!" आणि सुटली सगळी, दप्तरं पाठीवर आपटत, उन्नतीच्या फिती उडत — आली, आली सगळी, तिच्या कमरेला येऊन भिडली, आणि ट्रक नंतर, कितीतरी नंतर, घरघरत गेला. छाती फुगली. खरंच फुगली. मला येतंय हे! मी केलं! पलीकडचा निम्मा रस्ता तर तिनं गाणं म्हणत पार केला, आणि शाळेच्या फाटकात शिरताना तिच्या लक्षात आलं की तिनं ओरडताना आत्याचा 'हं...' गाळला होता. तो लहानसा हं. आत्या त्या वेळात काय करायची? परत एकदा बघायची?

...आत्या गेली त्या शनिवारी तिनं हं म्हटला होता का?

म्हटला असेल. चैतालीला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ती उन्नतीचा हात धरून कडेला होती, आत्या पदर खोचून पुढं झाली, तिनं टाकीकडं बघितलं, चैतालीनंही बघितलं. टाकीच्या पलीकडं, चांगला पलीकडं, एक पिवळा ठिपका. हळदीच्या बोटाएवढा. रस्ता मोकळा, केवढा तरी मोकळा. आत्यानं पाय उचलला. आणि हेच ते, हेच, जे चैतालीनं कुणाला सांगितलेलं नाही. त्याच क्षणी तिचाही पाय उचलला गेला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पायालाच ठाऊक होतं. इतक्या वर्षांच्या सकाळी त्या पायात मुरल्या होत्या. टाच वर आलेली होती. मग आवाज झाला, गाडीचा नव्हे, गाडी तोवर दिसेनाशीच झाली होती. कापड टर्रकन फाडावं तसा हवेचा, आणि तो वारा पोटावर बसून ती मागं ढकलली गेली, पाय जिथून उचलला तिथंच परत टेकला. मागून आणखी दोन गेल्या, एक हिरवी, एक पांढरी. आत्या जिथं होती तिथं नव्हती. कण्हेरीवर धूळ बसत होती, आणि चैतालीच्या चपलेपाशी पिवळं काहीतरी चमकत होतं, आणि तिला वाटलं होतं — देवा, कुणाला सांगू हे — किती छान रंग आहे.

पोलीस आले. पंचनामा झाला. आत्याच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. हे वस्तीतल्याच कुणीतरी सांगितलं, आणि ते ऐकून सगळ्यांचे खांदे सैल झालेले चैतालीनं बघितले. पप्पांचेसुद्धा. दिसलं नसंल म्हातारीला... लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं. चैतालीला कुणी विचारलं नाही. आणि ती, जिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो ती, मुठीत टवका धरून घरी गेली.

मधल्या सुट्टीत शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं कुमारनं चोरून आणलेला मोबाइल काढला. कुमार तिच्याच वर्गातला, त्याला गाड्यांच्या नावापुढं देवाचं नाव सुचत नाही. "हे बघ, हीच टोळी. आत्याच्या त्या शनिवारचा न्हाय, सणाच्या आधी गेली होती तवाचा व्हिडिओ. हैदराबादच्या लोकांच्या हायत. सातशे घोड्यांची ताकद हाय एकेकीत!"

सानिया डबा पुसत होती. "एक घोडा उधळला तर आमच्या अब्बूंच्या जनावरांच्या बाजारात माणसं दुकानावर चढत्यात. ह्यांनी सातशे एका पत्र्यात घातले, आन् रस्त्यावर सोडले. वा रे शहाणे."

"पत्रा न्हाय गं, कार्बन," कुमार म्हणाला. "आन् त्यात गाडीची काय चूक? कंपनी बनवती, सरकार नंबर देतंय, ते टॅक्स भरत्यात... रस्ता त्यांचा बी हाय ना?"

"आन् आमचा?"

"तुमचा बी हाय की. बघून चालावं माणसानं."

"मग रेसचं मैदान असतंय ना त्यांच्यासाठी? तिथं पळवा म्हणावं. पब्लिकच्या रस्त्यावर असली गाडी लागतीच कशाला?"

"तुला मिळाली तर न्हाय म्हणशील? चैताली, तू सांग. तू तर भाषणवाली."

दोघांनी तिच्याकडं बघितलं. दुसरा कुठला विषय असता तर तिनं एव्हाना दोघांनाही गप्प केलं असतं. पण तिच्या मनात आलं, नाही, मी नाही म्हणणार नाही. मला वेग आवडतो. सानियाच्या भावाच्या मोटरसायकलवर मागं बसून मीच ओरडते, अजून, अजून! त्या गाडीत मी असते तर मीही... मीही टाकी बघितली नसती. "आधी दाखव तरी," ती म्हणाली.

व्हिडिओ गाडीच्या आतून होता. कुणाचं तरी मनगट, गाणं लावलेलं, हसणं. रस्ता पडद्याच्या मध्यातून फाटत येत होता. चढ आला, आणि चढ संपता संपता डाव्या हाताला — आपली टाकी! ढाब्याची, निळी! तिला आधी नुसता आनंदच झाला, आपलं गाव कुठंतरी दिसावं तसा. आणि मग, का कुणास ठाऊक, तिच्या ओठांनी आपोआप, पुटपुटत सुरुवात केली, पाय उ —

कण्हेरीतली फट मागं गेली होती.

"परत लाव," ती म्हणाली.

टाकी. पाय उ — फट.

"परत."

"अगं, सर येतील!"

"परत लाव म्हणते ना!"

तिसऱ्या वेळी तिनं पापणीही लवू दिली नाही म्हणून तिला दिसलं: फटीच्या अलीकडं, वस्तीच्या बाजूला, काहीतरी रंगीत पुसट झालं होतं. माणसं असतील. पोरं असतील. मीही असेन. आतून आपण असे दिसतो — फडक्यानं फळा पुसल्यासारखे.

नंतरच्या तासांना काय शिकवलं ते तिला कळलं नाही. आत्याची नजर बरोबर होती. हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, माइकसुद्धा लागला नसता. आत्याला दिसलं होतं. मला दिसलं होतं. दोघींना सारखंच दिसलं आणि दोघींचं चुकलं, कारण दिसण्याचा उपयोगच नव्हता. म्हणू? विहारासमोर उभी राहून म्हणू? मग उन्नतीची आई तिचं मनगट धरून तिला घरात नेईल, आणि तिच्यामागं दुसरी, तिसरी. पोरांचं नाही काही, पोरं जातील कशीतरी, पोरी बसतील. एखादं वरीस म्हणता म्हणता बसतील. आणि नाही म्हटलं तर आत्या कायमची आंधळी. मेल्यावर आंधळी, आणि मी तेज नजरेची... तिनं कंपास उघडली. टवका होता. या खेपेला रंग आवडला नाही. तिला वाटलं होतं तसं हलकं मात्र वाटलं नाही.

शाळा सुटली. पोरं तिच्यामागं ओळीनं. सोलापूरकडून येणारा निम्मा रस्ता त्यांनी पार केला, एक उसाची ट्रॉली जाऊ दिली, उसाच्या कांड्या पोरांनी हावरटासारख्या बघितल्या, आणि सगळी दुभाजकात येऊन थांबली, कण्हेरीच्या ओल्या मातीत. पप्पा नुकतेच पाणी घालून गेले असावेत. आता उरलेला निम्मा. समोर वस्ती, कडेला उन्नतीची आई कपाळावर हात धरून उभी. डाव्या हाताला टाकी.

टाकीच्या पलीकडं एक ठिपका.

खूण मागं सारायची, आत्या म्हणायची. चैतालीनं टाकीच्या मागं बघितलं. जेवढा दिसत होता तेवढा सगळा रस्ता बघितला. थोडासा होता, एक विजेचा खांब, एक बोर्ड, आणि मग उतार. त्यामागं नुसतं आभाळ. तिथं खूण कुठं ठेवणार? रस्ता लांब होता, आत्या, पण दिसत होता तेवढाच होता.

ठिपका पांढरा होता. टेम्पो असेल. बहुतेक टेम्पोच. टेम्पोला टाकीपासून इथवर यायला केवढा वेळ लागतो, तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण तो टेम्पो आहे हे कळेपर्यंत...

"ताई," उन्नतीनं तिची ओढणी ओढली, "पलीकडं हाय की. म्हण ना."

पलीकडून आईनंही हात हलवला. या, या.

"हं..." चैताली म्हणाली, आणि तो हं तिला पहिल्यांदा ऐकू आला, तिच्याच आवाजात, पण आत्याचा. तो परत बघण्यासाठी नव्हताच. पायाखाली काही नसताना पाय टाकायच्या आधी माणूस जो श्वास घेतो, तो होता. रोज घ्यायची आत्या. रोज. आणि आपण मागं कोंबडीची पिल्लं. तिनं तोंड उघडलं, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज घशात येऊन थांबला. टाकी निळी होती, ठिपका पांढरा होता, आणि चिखलात रुतलेली तिची टाच, जिला सगळं ठाऊक असायचं, तिला काहीच ठाऊक नव्हतं.