कळवायचं की नाही

“कळवायचं की नाही, हे तू यंत्रावर सोडलंस?”

बाबांनी विचारलं तेव्हा मी साताऱ्याला त्यांच्या हॉलमधल्या कॅमेऱ्याची सेटिंग माझ्या मोबाईलवर बदलत होते. आठ महिन्यांची माझी स्वानंदी त्यांच्या मांडीवर होती.

“बाबा, तुम्ही खुर्चीतून उठलात तरी तिकडे सांगलीत माझा मोबाईल वाजतो. ही दचकून जागी होते. ऑटोवर टाकलंय. तो तुमच्या सवयी शिकेल आणि गरज असेल तेव्हाच कळवेल.”

“गरज कुठली, हे कोण ठरवणार?”

“ही तुमची दिल्लीची मीटिंग नाहीये.”

बाबा हसले. विषय तिथंच संपला. मी संपवला.

माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरातून निघून बाबा लढाऊ विमानात बसले आणि एअर व्हाइस मार्शल म्हणून निवृत्त झाले. शेवटची तीन वर्षं ते वैमानिकाशिवाय लढणाऱ्या विमानांच्या समितीवर होते. तिथं त्यांनी एकट्यानं विरोधी शेरा लिहिला: यंत्रानं उडावं, वळावं, पाठलागही करावा, मारायचं की नाही, हे मात्र माणसाला विचारावं. “विचारण्यात चार सेकंद जातात, सर,” कुणीतरी म्हणालं. “जाऊ देत,” बाबा म्हणाले. पुढची बढती दुसऱ्याला मिळाली. आई गेल्यानंतर एकदा भाकरी थापता थापता त्यांनी मला हे सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

रोज सकाळी सहाला ते हॉलमध्ये चटईवर व्यायाम करत. शेवटी शवासन. कॅमेरा तीन महिने हे बघत होता.

मार्चमधल्या त्या मंगळवारी मी सातला मोबाईल पाहिला. हिरवी खूण, ‘सर्व नेहमीप्रमाणे’. आठलाही हिरवी. चित्र उघडायला एक बोट लावायचं होतं. मी स्वानंदीला लस टोचायला घेऊन गेले.

साडेनऊला तानुबाईंचा फोन आला. त्या बाबांकडे स्वयंपाकाला येतात, एक किल्ली त्यांच्याकडे असते.

“ताई, आवं लवकर या! सायेब खाली पडल्यात. खुब्यात मोडलंय वाटतंय. सहापास्नं पडून हायती. तुमी भितीला त्यो डोळा लावलाय न्हवं? त्येला दिसलं न्हाई व्हय?”

दिसलं होतं. सकाळची वेळ, चटई, आडवा माणूस, मिटलेले डोळे. यंत्रानं ठरवलं, शवासन.

ऑपरेशननंतर मी बाबांचा हात धरून रडायला लागले, तर म्हणाले, “त्याला दोष देऊ नकोस. शिकवलं तेवढं त्यानं केलं.” थोड्या वेळानं म्हणाले, “साडेतीन तास शवासन. या वयात वाईट नाही.”

तानुबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसता आलं नाही. बाहेर आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “पयल्यांदा लय हाका मारल्या म्हनं त्यांनी. मग गप पडून ऱ्हायले. म्हनले, मयूरी बघत आसंल, कुनाला तरी धाडंल.”

बाबा हे मला कधीच बोलले नाहीत. “तरी मी सांगितलं होतं,” असंही नाही. म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

कॅमेरा मी काढून टाकला. सांगलीला यायला ते तयार नाहीत. तानुबाई लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रहिमतपूरला गेल्यात. स्वानंदीला कांजिण्या आल्यात, तिला घेऊन निघता येत नाही आणि टाकूनही येत नाही. दिवसातून चारदा फोन करते. चारही वेळा ते “ठीक” म्हणतात. आवाजावरून मला काही कळत नाही.

तुम्ही साताऱ्यात गोडोलीकडे राहत असाल, तर पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत ‘माने’ अशी पाटी आहे. जाता येता एकदा डोकावाल का? मी पाठवलंय असं सांगू नका, रस्ता विचारायला आलात असं सांगा. बेल एकदाच वाजवा आणि थांबा. वॉकर घेऊन दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागतो.