प्रकाशाची आठळी

मी एक जुनी बोर आहे, मित्रांनो. कोरीटच्या शिवारात, गिरधर पाटलाच्या बांधावर उभी आहे. जवळ या, पण जरा बेतानं. माझ्या काट्यांना आपलं-परकं कळत नाही.

मी उगवले कोरीटला, पण माझी आठळी इथली नव्हे. पहिली मोठी लढाई सुरू होण्याआधीची गोष्ट. प्रकाशा गावच्या दोधू पाटलाची लेक धनुबाई लग्न होऊन गिरधरच्या घरी आली. तिच्या माहेरी तापीच्या काठावर गोड बोरांची एक बोर होती. निघताना बापानं लेकीच्या ओटीत ओंजळभर बोरं घातली. गाडीत ती रडत रडत बोरं खात आली आणि आठळ्या तेवढ्या पदराच्या गाठीत बांधून ठेवल्या. ती तापीकाठची बोर म्हणजे माझी आई. मी तिला कधी पाहिलं नाही.

धनुबाईनं काही आठळ्या बांधावर पेरल्या. पावसाळा आला, गेला, काही उगवलं नाही. आमची आठळी फार टणक, पाणी आत शिरता शिरत नाही! गिरधर येता-जाता चिडवायचा, "काय व, दगडं पेरी ऱ्हायनी का?" ती तोंड फिरवून डोळे पुसायची. शेवटी सासू भिकुबाईला राहवलं नाही. ती म्हणाली, "अशी नई उगनार ती. शेळीस्ना खतमा पुरी ठेव." उरलेल्या आठळ्या लेंडीखतात गेल्या. तिथल्या ओलीनं आणि उबेनं कवच सैल झालं. पुढच्या पावसाळ्यात बांधावर एकच कोंब वर आला, तो मी.

काय लाड झाले माझे! शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून भोवती काट्या रोवल्या. कळशीत उरलेलं पाणी माझ्या बुडाशी यायचं. पाणी घालताना धनुबाई रोज म्हणायची, "तू तिन्हामायक व्हय व माय." म्हणजे माझ्या आईसारखी हो. मला तर तेव्हापासून दुसरा ध्यासच राहिला नाही.

मी कमरेएवढी झाले त्या श्रावणात तापीला पूर आला आणि माझी आई मुळासकट वाहून गेली. निरोप आला त्या दिवशी धनुबाई माझ्यापाशी येऊन बसली. "आते तूच शे," एवढंच म्हणाली.

मग मला पहिली बोरं लागली. एक पिकलेलं बोर तिनं तोंडात टाकलं. मी जीव मुठीत धरून बघत होते. तिचा चेहरा उतरला. "आंबट शे," ती म्हणाली. पुढच्या वर्षीही तेच. मित्रांनो, मला इतकी लाज वाटली की काय सांगू! गिरधर म्हणाला, "काटा तरी कुपले कामे येतीन," आणि माझ्या काट्यांचं कुंपण करायला कुऱ्हाड घेऊन आला. धनुबाईनं त्याला अडवलं नाही.

त्याच दिवशी दोधू पाटील लेकीला भेटायला आले होते. बांधावर येऊन त्यांनी एक बोर चाखलं. डोळे मिटले, हळूहळू चावलं आणि ओरडले, "थांबा, जवाईबुवा! मन्ही बोर बी पहिला सालेस्मा अशीच आंबट व्हती. धनुना जनमना पहिले!"

धनुबाई बापाकडे बघतच राहिली. तिनं माझ्या आईची गोडी तेवढी चाखली होती, त्या बोरीचं कोवळं वय तिला माहीतच नव्हतं. गिरधरनं कुऱ्हाड खाली ठेवली. जाताना दोधू पाटलांनी माझ्या आठळ्या उपरण्याच्या टोकाला बांधून घेतल्या. म्हणाले, "मन्ही जागा खाली पडेल शे." तापीकाठची माझ्या आईची जागा अजून रिकामीच होती.

पुढे मी गोडावले. पण तोवर दोधू पाटील गेले होते. धनुबाईनं त्या सालचं पहिलं बोर खाल्लं आणि माझ्या खोडाला धरून लहान मुलीसारखी रडली. "आबा, तुम्ही चाखाले पाहिजे व्हतात," म्हणाली.

आता तीही म्हातारी झाली आणि मीही. मित्रांनो, बोरं खुशाल खा, पण आठळी कुठंही थुंकू नका. जरा खतात पुरा, धीर धरा आणि पहिल्या आंबट बोरांवरून कुणावर कुऱ्हाड उचलू नका. आणि तुमच्यापैकी कुणी प्रकाशाला गेलं, तर तापीच्या काठावर एखादी बोर उभी आहे का, तेवढं बघून या. असली तर तिला सांगा, तुझी आई कोरीटला वाट बघते आहे.