बिनभिंतीचा बंगला

सयाजीनं विट्याबाहेर बंगला बांधला, पण भोवतीनं भिंत घातली नाही, पुढं नुसतं गवत लावलं. गावानं त्याला येड्यात काढलं. गलाईच्या धंद्यात, सोनं गाळण्यात त्याची उमर परमुलखात गेली होती. दुकान बंद झालं की माळ्यावर पडून तो हिंदीत केलेले अमेरिकेचे सिनेमे बघायचा. गावाबाहेर एका साच्यातली घरं, पुढं हिरवंगार गवत, कुंपण कुठंच नाही. भट्टीच्या धुरात बसणाऱ्या माणसाला त्याचंच स्वप्न पडणार, दुसरं कशाचं?

बायको सुलाबाई भिंतीसाठी हटून बसली. शेवटी ठरलं : दिवाळीपर्यंत गवत टिकलं तर भिंत नाही, टिकलं नाही तर गवंडी आलाच.

सयाजीनं गवत कापायची मशीन आणली. सिनेमातल्यासारखी चड्डी घालून ती ढकलायला लागला. एका सकाळी बघतो तर शेजारची दगडाबाई विळा घेऊन त्याच्या गवतात बसलेली.

त्यानं जाब विचारला तर ती म्हणाली, "आवं भाऊ, कापाय माणूस मिळंना म्हणून मशीन आणलीसा न्हवं? म्हणलं, माझी म्हस व्यालीया, तिला व्हईल."

मशीनपेक्षा सारखं कापलं होतं.

संध्याकाळी दगडाबाईनं खरवस आणून दिला. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून सुलाबाईनं त्यात शेंगदाण्याची चटणी घातली आणि गवतातनं सरळ पलीकडं गेली. दोन दिवसांनी तेच भांडं दही घेऊन आलं, भाकरी घेऊन गेलं. बायका गवतावर बसून गप्पा मारायला लागल्या.

दिवाळीला दोन्ही दारांमध्ये तिरकी, पांढरी पायवाट पडली होती. सिनेमावाले लबाड. तसल्या गवतावर पायवाट त्यांनी कधी दाखवलीच नाही. तिथं शेजाऱ्याकडं कुणी जातंय का नाही, देव जाणे.

सयाजी हरला होता. बोलल्याप्रमाणं त्यानं आकाराम गवंड्याला बोलावलं. आकारामनं भिंतीच्या आखणीची दोरी पायवाटेला आडवी लावली. सुलाबाई हातात फराळाचं ताट घेऊन बाहेर आली नि दोरीपाशी थांबली.

"ही काढा."

"वैनी, भिंत तुमालाच पायजे हुती की," आकाराम म्हणाला.

"मग मी आता दगडाबाईकडं गल्लीला वळसा घालून जाऊ व्हय?"

सयाजीनं पुढं होऊन स्वतःच दोरी गुंडाळली. आकाराम आलाच होता. त्याच्याकडनं पायवाटेच्या कडेला बसायला कट्टा बांधून घेतला.