महिनाभराची नळी

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी ल्येन चिन-फाला नळी घातली. मूत्राशयातून लघवी उतरू लागली. नर्सने दोनदा चिमटा लावून ती थांबवली, कारण तुंबलेलं सगळं एकदम उतरलं तर माणसाला चक्कर येते. शेवटी पिशवीवरच्या रेषा बघून तिने कागदावर आकडा लिहिला. साडेअकराशे मिलिलिटर.

चिन-फाचं वय बासष्ट. किलुंग शहरात तो तेवीस वर्षं बस चालवत होता. त्या दिवशी सात वाजून बारा मिनिटांनी त्याने डायलिसिस केंद्राच्या थांब्यावर आपल्या मुलीला, पेइ-रोंगला, उतरवलं. ती काचेच्या दारातून आत जाईपर्यंत गाडी हलवली नाही. पुढे दोन थांबे गेल्यावर त्याने गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले, दोन्ही दारं उघडली आणि चौदा प्रवाशांना सांगितलं की पुढची गाडी अकरा मिनिटांत येईल. भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी तोंड सोडणार होती, पण तिने त्याचा चेहरा पाहिला आणि गप्प उतरली. त्याने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि नियंत्रण कक्षाला फोन केला. जागेवरून उठणं त्याला जमलं नाही.

चांद्र वर्षाचा सातवा महिना संपायला पाच दिवस होते.

बायको सू-ग्वे साडेदहाला आली. उन्हासाठी हातांवर चढवलेल्या फुलाफुलांच्या बाह्या तिने काढल्याही नव्हत्या. तिच्या मागोमाग डॉक्टर वेन आले. जूनपासून चिन-फाच्या प्रोस्टेटवर तेच उपचार करत होते. त्यांनी रक्ताचा अहवाल दोनदा वाचला. क्रिएटिनिन तीन पूर्णांक चार. जूनमध्ये एक पूर्णांक एक होतं.

सू-ग्वेने विचारलं, त्याचा अर्थ काय. डॉक्टर म्हणाले, लघवी मागे तुंबली, दाब वर गेला, दोन्ही किडन्या फुगल्या आहेत. सर्दीची काही गोळी घेतली होती का? घेतली होती, दोन दिवस, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून. त्या गोळीने लघवीचं दार पुरतं बंद केलं, डॉक्टर म्हणाले, पण दार त्याआधीच बंद होत आलं होतं.

"मग पोरीला किडनी देता येईल ना त्याला?"

"आत्ता त्याची स्वतःची वाचवायची आहे."

एवढं बोलून त्यांनी चिन-फाकडे पाहिलं. चिन-फाने नजर छताकडे वळवली. डॉक्टरांना आणखी काही बोलायचं होतं. त्यांनी सू-ग्वेला भरतीचा कागद खालच्या खिडकीवर द्यायला पाठवलं. ती गेल्यावर ते म्हणाले, "घरी सांगितलंच नाही ना?"

चिन-फा म्हणाला, नाही.

पेइ-रोंग चौतीस वर्षांची होती आणि बालवाडीत शिकवत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, सकाळी साडेसातची पाळी. चिन-फाने त्याच महिन्यात डेपोत अर्ज करून आपला मार्ग बदलून घेतला. नवा मार्ग डोंगरावरून वळणावळणाने उतरणारा होता, तरुण चालक तो टाळायचे. पण सहा पन्नासची गाडी घराजवळून निघून केंद्रापाशी जायची. पेइ-रोंग चालकाच्या मागच्या सीटवर बसायची. दोघं फारसं बोलत नसत.

ती एकुलती एक. सू-ग्वेला मधुमेह, म्हणून तिची किडनी चालणार नव्हती. बापाचा रक्तगट जुळत होता. पेइ-रोंगने वर्षभर नकार दिला. या वसंतात ती तयार झाली, तीही एका अटीवर. बाप पूर्ण धडधाकट आहे असं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. "तुला साधं पडसं असलं तरी विषय संपला," ती म्हणाली होती. "आजारी माणसाचं काढून मला घालायचं नाही."

तपासण्यांत हृदय, फुप्फुसं, साखर सगळं ठीक निघालं. सोनोग्राफीत मात्र लघवी करून आल्यावरही मूत्राशयात तीनशे वीस मिलिलिटर शिल्लक दिसली. डॉक्टर वेननी विचारलं, रात्री किती वेळा उठता? चार वेळा. धार कशी आहे? चिन-फा म्हणाला, धार आता राहिली नाही, टपटप आहे. प्रत्येक फेरीत गाडी शेवटच्या थांब्यावर लागली की मी आधी पळतो आणि सगळ्यांत शेवटी परत येतो, डेपोतली पोरं मला किटली म्हणतात.

डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. "बागेतल्या पाइपवर कुणी पाय ठेवला तर काय होतं?"

"पाणी कमी येतं."

"आणि पायाच्या मागे?"

"मागे पाइप फुगतो."

"तुमचं तेच झालंय. प्रोस्टेट वाढून पाइपवर बसलीय."

मग त्यांनी उपचार सांगितले. नुसतं थांबून लक्ष ठेवायचे दिवस गेलेले होते. गोळ्या दोन तऱ्हेच्या होत्या. एकीने मूत्राशयाचं तोंड सैल होतं, पण उठताना गरगरतं. दुसरीने प्रोस्टेट आक्रसते, पण सहा महिने धीर धरावा लागतो. या दोन्ही तुम्हाला उशिराच्या, डॉक्टर म्हणाले. किडन्या आत्ताशी किंचित फुगल्या आहेत, त्या मोकळ्या करायच्या तर लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून वाढलेला भाग खरवडून काढायचा किंवा लेझरने. तीन-चार दिवस रुग्णालयात, महिनाभर जड उचलायचं नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासू आणि आकडे चांगले असतील तर हिवाळ्यात किडनी देता येईल. शेवटी त्यांनी जरा घसा खाकरून सांगितलं की ऑपरेशननंतर वीर्य उलट दिशेला, मूत्राशयात जातं. अपाय काही नाही, पण सांगणं भाग आहे.

"डॉक्टर," चिन-फा म्हणाला, "ती गाडी आमच्याकडे कधीच डेपोत लागली."

ऑपरेशनची तारीख लगेच मिळाली. घरी त्याने मुलीला एवढंच सांगितलं की वयाप्रमाणे लघवीची वाट जरा अरुंद झालीय, ती साफ करतात, मग किडनी. सू-ग्वे स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उचलून बघत होती. ऑपरेशनच्या तारखेखाली लाल अक्षरांत चांद्र तिथी होती. सातव्या महिन्याची चौथी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाताची पेज वाढताना ती म्हणाली की सातव्या महिन्यात भुतांचं दार उघडं असतं आणि कोण कुणाचा हात धरून नेईल ते सांगता येत नाही. तिचे वडील हर्नियाच्या ऑपरेशनला सातव्याच महिन्यात गेले होते. "चालत गेला होता माझा बाप," ती म्हणाली. "चपला मी हातात घेऊन आले."

पेइ-रोंगचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण तीच म्हणाली, "थांबू या, बाबा. आईचा जीव टांगणीला लावून मला किडनी नको. महिनाच तर आहे."

चिन-फाचाही विश्वास नव्हता. तरी त्याला बरं वाटलं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टर वेनना नवल वाटलं नाही. सातव्या महिन्यात त्यांची यादी दरवर्षी रिकामी असायची आणि आठव्यात रांग लागायची. ते म्हणाले, थांबा हवं तर, पण मग महिनाभर नळी घालून ठेवू. पिशवी पोटरीला बांधायची, वरून पँट. किडन्यांवर दाब येणार नाही. गाडी मात्र चालवायची नाही.

"मुलीला कळेल?"

"एका घरात राहून लपवणार कसं?"

चिन-फाने विचार करायला तीन दिवस घेतले. सहा पन्नासला ती गाडीत चढणार आणि चालकाच्या जागी दुसराच कुणी असणार. संध्याकाळी घरात पँटच्या खाली फुगलेली पोटरी दिसणार. पुढचं त्याला माहीत होतं. विषय संपला, असं म्हणायला ती निमित्तच शोधत होती. चौथ्या दिवशी त्याने डॉक्टरांना सांगितलं, नळी नको, गोळ्या द्या. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांवर माझा भरवसा नाही, दर आठवड्याला रक्त तपासायला या. पहिल्या आठवड्यात तो गेला. नंतर भटक्या आत्म्यांना नैवेद्य दाखवायचे मोठे दिवस आले, मंदिरांसाठी जादा गाड्या सुटल्या, सुट्टी मिळेना. दुसरा आणि तिसरा आठवडा तसाच गेला.

खालून परत आल्यावर सू-ग्वे पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. तिने आपल्या पिशवीतून पेरू काढला, चाकू काढला आणि दोन्ही मांडीवर ठेवून दिले. मग म्हणाली की आज संध्याकाळी ती मंदिरात जाणार आहे. देवाला विचारणार, माझं काय चुकलं. खरं तर विचारायचं काही नाही, तिला माहीत आहे. तिच्या बापाला मरून चाळीस वर्षं झाली. डॉक्टरने तारीख दिली होती. शिकलेला माणूस तारीख देतो आणि आपण कॅलेंडरची पानं उलटत बसतो.

"मीच तुझं वाटोळं केलं, म्हाताऱ्या. तुझं आणि पोरीचंही."

चिन-फा छताकडे बघत होता. लघवीच्या पिशवीत एक थेंब पडला, मग दुसरा.

"डॉक्टरने नळी घाल म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "महिनाभर. ती घातली असती तर काही बिघडलं नसतं. मी नको म्हटलं."

"कधी?"

"जुलैत. तू तारीख बदलायला लावलीस, त्यात काही चूक नव्हती. महिना थांबता येत होता. डॉक्टरच म्हणाला तसं."

"मग नको का म्हणालास?"

"तिने पिशवी बघितली असती."

सू-ग्वे रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिने पेरू परत पिशवीत टाकला, उठली, पलंगाच्या दांडीला अडकवलेली लघवीची पिशवी नीट सरळ केली. मग हातावरची एक बाही काढून त्या पिशवीवर चढवली. बाही घट्ट होती. ओढून ओढून तिने ती बसवली आणि टोक आत खोचलं.

"तिला अजून कळवलं नाहीये," ती म्हणाली. "डायलिसिसच्या सुईवर असेल."

पेइ-रोंग सव्वाबाराला आली. केंद्रातून परतताना बसमध्ये तिला कुणीतरी सांगितलं होतं की सकाळची गाडी मध्येच थांबली आणि चालकाला इथे आणलं. डाव्या दंडावर पट्टी होती, डायलिसिसनंतर असतो तसा चेहरा पांढरा पडलेला. ती सरळ पलंगाच्या कडेला आली, वाकली, आणि फुलाफुलांची बाही खाली सरकवली.

तिने पिशवीवरच्या रेषा पाहिल्या.

"किती झाली?"

"साडेअकराशे. ती वेगळी. ही नंतरची."

"गेल्या दीड वर्षात माझी मिळून एवढी झाली नसेल," पेइ-रोंग म्हणाली.

तो विनोद होता की काय, हे चिन-फाला कळेना. तो हसला नाही. सू-ग्वे खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग तिनेच, मागे न वळता, नळीचं सगळं मुलीला सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं.

पेइ-रोंग स्टुलावर बसली. "मला कळलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, बाबा."

"म्हणूनच."

"मग आता काय हाती लागलं?"

तिने बाही पुन्हा वर ओढली. आईने खोचलं होतं तसं टोक तिला जमेना. आईने येऊन खोचलं.

पाचव्या दिवशी, सातवा महिना संपला त्या दिवशी, क्रिएटिनिन दोन पूर्णांक सहा होतं. नवव्या दिवशी दोन पूर्णांक एक. चौदाव्या दिवशी एक पूर्णांक नऊ. प्रोस्टेटचं ऑपरेशन आठव्या महिन्याच्या सोळाव्या तिथीला ठरलं आहे. त्याआधीचा दिवस मिळत नव्हता, रांग लागलेली आहे. डॉक्टर वेन म्हणतात, आकडा उतरतो आहे. तो कुठे थांबेल, हे ते सांगत नाहीत. किडनी देण्याचं विचारलं तर ते म्हणतात, विचारू नका.

चिन-फा घरी आहे, पोटरीला पिशवी बांधून. डेपोने सहा पन्नासची गाडी दुसऱ्या चालकाला दिली. पेइ-रोंग अजून तीच गाडी घेते. आता ती मागच्या दाराजवळ बसते.

प्रत्यारोपण विभागातून फोन आला होता. दात्याच्या रकान्यात ल्येन चिन-फा हे नाव आहे, ते खोडायचं का, अशी विचारणा होती. पेइ-रोंगने पलीकडच्या बाईंना जरा थांबायला सांगितलं. फोन कानाशी धरून ती स्वयंपाकघराच्या दारात आली. बाप टेबलाशी बसून कॅलेंडरचं कालचं पान फाडत होता. तिने फोनवर सांगितलं, राहू दे.

सोमवारी सकाळी बाप-लेक दोघांचंही रक्त घेतलं, एकाच इमारतीत, दोन वेगळ्या मजल्यांवर. अहवाल दुपारी तीननंतर मिळतात. चिन-फाचा अजून आलेला नाही.