ओळख न पटलेला हात

सन एकेचाळीसच्या उन्हाळ्यात ठमीला सावरपाड्याच्या पंचायतीत बसून वर्ष झालं. या वर्षात तिनं एकाही सभेत एक शब्दही काढला नव्हता. तिची निवड त्यासाठीच झाली होती.

कायद्यानं पंचायतीतली एक जागा बाईसाठी ठेवली, तेव्हा सरपंच कुंडलिक पाटलांनी गावातल्या बायकांची मनातल्या मनात शिरगणती केली. सुईण जनी कुणाला भीत नाही, ती बाद. शकू लग्नाआधी तिसरीपर्यंत शिकलेली, ती तर केव्हाच बाद. उरली ठमी. तिचा सासरा धाऊ स्वतः पंच होता, आणि सासऱ्यापुढे सुनेनं तोंड उघडायचं नाही, दाखवायचंही नाही, ही गावची रीत कायद्यापेक्षा बरीच जुनी होती. शिवाय धाऊ पाटलांच्याच भातखाचरांचं कूळ. म्हणजे एका कुळात दोन मतं, आणि त्यातलं एक मुकं. ‘बायांना पुढं आणलं पाहिजे,’ असं चारचौघांत म्हणून पाटलांनी ठमीला चावडीच्या मागच्या पडवीत आणून बसवलं.

पडवी आणि चावडी यांच्यामध्ये छातीइतका कारवीच्या काठ्यांचा कूड होता. अलीकडे ठमी, पलीकडे चार पंच आणि कारभार लिहिणारे मास्तर. तिला सगळं ऐकू यायचं. सभा संपली की मास्तर कुडावरून वही खाली द्यायचे, ती अंगठा उठवायची आणि घरी जाऊन भात घालायची. तिचा नवरा रघू तानशाला, शहराकडे पाणी नेणाऱ्या पाइपलाइनवर पहारेकरी होता. महिन्यातून एकदा घरी आला की विचारायचा, “काय ठरलं गो पंचायतीत?” ती सगळं सांगायची, अगदी कोण किती वेळा खोकलं तेही. “मग तू काय बोललीस?” असं त्यानं कधी विचारलं नाही. भला माणूस होता.

त्या चैत्रात मात्र विहिरीचा ठराव आला. गावाला एक विहीर मंजूर झाली होती. ती खालच्या पाड्यावर खणायची की वरच्या आळीत पाटलांच्या वांग्यांच्या वाफ्याशेजारी, एवढाच प्रश्न होता. खालचा पाडा हे ठमीचं माहेर. तिथल्या बायका दरीतल्या झऱ्यावर जात, आणि मागच्या वैशाखात तिथंच तिची धाकटी बहीण भागी भरल्या हंड्यासकट घसरली होती. हंडा वाचला. पोटातलं सातव्या महिन्याचं मूल वाचलं नाही.

सभेला सून एकटी जात नाही, म्हणून या वेळी ठमी भागीला सोबत घेऊन गेली. दोघी कुडाआड बसल्या, हनुवटीपर्यंत पदर ओढून.

“वरच्या आळीतल्या विहिरीला कोणाकोणाची संमती?” मास्तरांनी विचारलं. पाटलांचा हात वर झाला आणि त्यामागोमाग धाऊचा.

“खालच्या पाड्याला?” पाड्याचे दोन पंच, वाळू आणि कमळू, यांनी हात वर केले. दोनाला दोन. बरोबरी झाली की सरपंचांचं जादा मत होतंच, तेव्हा पाटलांनी पानाला चुना लावायला घेतला.

बोलायचं नाही, दिसायचं नाही. पण हात वर करू नये असं कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते कुणाला सुचलंच नव्हतं. तिनं हात वर केला. कुडाच्या वर कोपरापर्यंत एक हात आला: हिरव्या बांगड्या, अंगठ्यापासून मनगटापर्यंत विळ्याचा जुना वण.

“तीन,” वाळू म्हणाला.

पाटलांनी पान खाली ठेवलं. “थांब रे. हात कोणाचा?”

“ठमीचा. आणखी कोणाचा?”

“आत दोन बाया हायत. मास्तर, लिहिताना चूक नको व्हायला.”

मास्तर कुडापाशी आले. वरून दोन पदर दिसले, तोंड एकही नाही. “बाई, नाव सांगा.”

पलीकडे सासरा बसलेला, नाव तरी कसं सांगणार? ठमीचा हात मात्र वरच होता.

“हिचाच हाय हात,” भागी म्हणाली. “माझे दोनी खाली हायत. बघा हवं तर.”

“तू पंच नायस,” पाटील म्हणाले. “तुझं बोलणं सभेत धरता येत नाय.”

ज्या बाईला अधिकार होता तिला तोंड नव्हतं, आणि जिला तोंड होतं तिला अधिकार नव्हता. मास्तरांनी नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात हातांविषयी पुष्कळ होतं, कुडाविषयी काही नव्हतं.

वाळू म्हणाला, “धाऊदादा, तूच सांग. तुझी सून. सोळा वरसं त्याच हातचं खातोस.”

“हां, बघा धाऊबा,” पाटील सावकाश म्हणाले. “घाई नाय. खालची दोन खाचरं यंदा कोणाला द्यायची, तेपण ठरवायचंच हाय मला.”

धाऊनं मान वळवली. ठमीला तो दिसत नव्हता, पण घोंगडी सरकल्याचं ऐकू आलं. तिचा खांदा भरून आला होता. भागीनं खालून कोपराला आधार दिला.

“सुनेचं तोंड आपण बघत नाय,” धाऊ म्हणाला. “हात कसा सांगू?”

मास्तरांनी लिहिलं: ‘एक हात वर झाला. ओळख पटली नाही.’ सरपंचांचं जादा मत पडलं आणि विहीर वांग्यांपाशी गेली. मग वही कुडावरून आत आली, कारण ठरावावर ठमीचाही अंगठा लागत होता. अंगठ्याची ओळख सगळ्यांना पटली.

दुपारी धाऊ जेवायला बसला. ठमीनं ताट मांडलं नाही. सासऱ्याला काही सांगायचं तर घराच्या मधल्या खांबाला सांगायचं, अशी पद्धत. ती पाठ करून खांबाला म्हणाली, “ओळख नसलेल्या बाईच्या हातचं कसं खायचं रे? विटाळ नाय का व्हायचा?”

चुलीवरची आमटी उतू गेली, तरी कोणी उठलं नाही. शेवटी तोही खांबालाच म्हणाला, “हात वळखला.”

“मग चावडीत?”

“चावडीत खाचरं होती.”

खाचरं गेली तर तिच्याच पोरांच्या ताटातला भात जाणार होता, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“पुढल्या सभेला मना ताप येनार,” धाऊ म्हणाला. “मी नसलो का मंग बोल, काय बोलायचं ते.”

वर्षभरात पहिल्यांदा ठमीला बोलायला कुणी सांगितलं. तिनं विचारलं, “सभा कदी हाय?”

“पावसानंतर. विहीर बांधून झाली का मंग.”

ठमीनं ताट घेतलं आणि भात वाढला. धाऊनं ताटाकडे बघत हात पुढं केला, वणाच्या हाताशेजारीच, आणि भात कालवायला लागला. मग ती मागच्या दाराशी गेली. तिथं भागी रिकामा हंडा घेऊन उभी होती. ऊन उतरायच्या आत तिला झऱ्यावर पोचायचं होतं.