फ्लूची लस आणि अहदसाहेबांची माया

गेल्या वर्षी टोचून घेतली, आता पुन्हा कशाला, असं म्हणून तुम्हीच मला दारातून परत पाठवता. मग ताप आला की लसच खोटी ठरवता. हा कुठला न्याय? मी फ्लूच्या लसीची कुपी बोलतेय. निदान माझं ऐकून तरी घ्या.

माझा जन्म कोंबडीच्या अंड्यात झाला. जगभरातल्या आजाऱ्यांच्या घशातले नमुने तपासून शास्त्रज्ञ दरवर्षी ठरवतात, येत्या हिवाळ्यात कोणते विषाणू फिरतील. त्यांचे चेहरे मी माणसाच्या शरीराला आधीच दाखवून ठेवते. त्यातला 'बी' प्रकारचा विषाणू भारी लबाड. साथ सरली म्हणून सगळे निश्चिंत झाले की हिवाळ्याच्या शेवटी येतो, तोही चेहरा थोडा बदलून. अंदाज कधी चुकतो, मान्य. म्हणून अंदाज करणंच सोडायचं का?

श्रीनगरला रूहीनं मला आणलं ते तिच्या वडिलांसाठी. अहदसाहेब कागदी लगद्याच्या डब्यांवर चिनारची पानं रंगवतात. दम्यानं आधीच थकलेली त्यांची छाती गेल्या मार्चमध्ये याच बीनं धरली होती. पुन्हा तसं झालं तर निभावणं कठीण, असं डॉक्टरांनी रूहीला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मला बर्फाच्या डब्यात ठेवून रूही शेजारच्या गल्लीतल्या तस्लीमा नर्सला बोलवायला गेली. अहदसाहेबांनी मला हातात घेतलं. मी गारठलेली. त्यांना दया आली. इतकी गार लस टोचली तर थंडी थेट छातीत उतरेल, असंही त्यांना वाटलं. त्यांनी मला रुमालात गुंडाळलं आणि अंगातल्या घोळदार फेरनच्या आत, निखाऱ्यांनी भरलेल्या मडक्याला, कांगडीला टेकवून ठेवलं. थंडीतून आलेल्या पाहुण्यापुढेही ते आधी कांगडीच सरकवतात. इतक्या मायेनं मला कुणी कधी धरलं नव्हतं. आणि त्या उबेनंच मी मरत होते.

तस्लीमानं मला हात लावला मात्र, तिचा चेहरा पडला. "अहदसाहेब, ही लस आहे. गरमागरम खायचा हरीसा नव्हे."

ते ओशाळले. "जाऊ दे. गेल्या वर्षीची आहे की अंगात."

"अब्बा, चोर दाढी वाढवून आलाय," रूही म्हणाली, "आणि तुम्ही पोलिसांना त्याचा शाळेतला फोटो देताय."

शहरात दुसरी कुपी नव्हती. खालून माल येतो तो रस्ता बनिहालच्या घाटापुढे बर्फानं बंद. रूही रोज सकाळी औषधवाल्याला फोन करी. नातवंडांना आजोबांच्या खोलीत मज्जाव झाला. घरात कुणी नुसतं खोकलं तरी तिचा हातातला घास तसाच राही.

अखेर रस्ता उघडला. माझी बहीण आली, थंडगार. अहदसाहेब तिच्यापासून लांब, पार भिंतीला टेकून बसले, हात फेरनमध्ये लपवून. तस्लीमानं त्यांना जवळ बोलावून लस टोचली, तेव्हा कुठे रूहीनं श्वास सोडला.

मी आता निकामी. थोड्या वेळात तस्लीमा मला टाकून देईल. माझ्यासाठी हळहळू नका. फक्त माझ्या बहिणींना थंडीत राहू द्या, आणि दर हिवाळ्याआधी त्या वर्षीचीच मागून घ्या.

गंमत बघायला आलेली शेजारची हाजरामासी दारातच थांबली होती. निघता निघता तिनं तस्लीमाच्या कानाशी तोंड नेलं, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"मलाही एक मागव, यंदाचीच. पण आणलीस की ह्या अहदच्या हातात देऊ नकोस."