सत्तर वळणांचा उतार

तंजावरच्या कीळवासल भागातल्या एका बोळात, जिन्याखाली भिंतीला टेकून जी हिरवी गिअरची सायकल उभी असते, ती मी. मित्रांनो, वयाने मी तुमच्यापेक्षा बरीच मोठी आहे. लुधियानाच्या कारखान्यात माझे नळे जोडले गेले त्याला आता एकतीस वर्षे होतील. तेव्हा गिअरची सायकल म्हणजे मोठे अप्रूप होते. बाळकृष्णरावांनी तिरुच्चीच्या दुकानातून मला विकत घेतले आणि आगगाडीत घालून घरी आणले. त्यांचा मुलगा मुरली याला ओरत्तनाडूच्या एका कचेरीत नुकतीच नोकरी लागली होती.

हे घर मराठी. मराठा राजांच्या काळी यांचे पूर्वज इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात बोलतात ती मराठी तुमच्या पुस्तकातल्यासारखी नाही. तिला तमिळ हेल आहे, आणि तिच्यातले काही शब्द इतके जुने आहेत की तुमच्या आजोबांनीही ते ऐकले नसतील. पण मुरलीराव त्याही भाषेत फारसे बोलत नसत. दुसरी माणसे बोलून मन मोकळे करतात, ते पॅडल मारून करीत. रोज सकाळी कालव्याच्या कडेने, भातशेतांमधून, नारळीच्या सावलीतून आम्ही ओरत्तनाडूला जायचो आणि संध्याकाळी परतायचो. कचेरीतले लोक माझे गिअर उगीच खटखट करून पाहत. मला त्याचा अभिमान वाटे.

कावेरीच्या या मुलखात जमीन ताटासारखी सपाट आहे. चढ म्हणजे काय, तर रेल्वेचा उड्डाणपूल. उतार हा शब्द मला ठाऊक होता तो आजारातला. मुरलीरावांच्या तापाला उतार पडला, म्हणजे उद्या कामावर जायचे, एवढेच मी समजत असे.

पुढे स्कूटर आली आणि मी जिन्याखाली गेले. सात वर्षे माझ्या हँडलवर भाजीच्या पिशव्या आणि ओल्या छत्र्या लटकत होत्या. मग मुरलीरावांना साखरेचा विकार निघाला. डॉक्टरांनी सांगितले, हातपाय हलवा. त्यांनी मला बाहेर काढले, पुसले आणि मणीच्या दुकानात नेले. मणी कीळवासलचा जुना सायकलवाला. त्याने टायर बदलले, चेनला तेल घातले, आणि मी पुन्हा ओरत्तनाडूच्या रस्त्याला लागले. सात वर्षांनंतर वारा लागला की काय वाटते, ते मला सांगता येणार नाही.

मुरलीरावांची एकुलती मुलगी साईप्रिया. चोवीस वर्षांची, बोलकी, घरी बसून संगणकाचे काम करणारी. तिने स्वतःसाठी एक हलकी, काळी, नवी सायकल घेतली आणि बापाबरोबर फिरू लागली. एके दिवशी तिने मोबाइलवर एक जाहिरात पाहिली. कोल्ली डोंगराच्या पायथ्यापासून शंभर मैलांची सायकलफेरी. सत्तर वळणांचा घाट चढायचा, डोंगरमाथ्यावर फेरी मारायची, त्याच घाटाने उतरायचे आणि उरलेले अंतर खालच्या सपाटीवर पुरे करायचे. तिने विचारले, येता का अप्पा? ते नको म्हणतील असे सर्वांना वाटले होते. ते हो म्हणाले. विशालाक्षी, म्हणजे साईप्रियाची आई, शाळेत गणित शिकवते. तिने चष्म्यावरून दोघांकडे पाहिले आणि एवढेच सांगितले की संध्याकाळी फोन करा.

मित्रांनो, पहाटे पाच वाजता पायथ्याशी दोनशे सायकली उभ्या होत्या. बहुतेक माझ्या नातवंडांच्या वयाच्या. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि सगळ्यांच्या मागे एक काळी भिंत उभी होती. मला वाटले ढग असतील. उजाडले तेव्हा कळले की ती जमीनच आहे. जमीन अशी उभी राहू शकते, हे मला कोणी कधी सांगितलेच नव्हते. मी हादरून गेले.

चढताना माझी चेन इतकी ताणली गेली की तुटते की काय असे वाटले. प्रत्येक वळणावर आकड्याची पाटी होती. बाराव्या पाटीपाशी मुरलीराव उतरले आणि मला हातांनी ढकलू लागले. मग पुन्हा बसले. असे चार वेळा झाले. साईप्रिया पुढे जाई आणि वळणावर थांबून राही. सत्तरावे वळण मागे पडले तेव्हा साडेदहा वाजले होते. वर गार हवा होती आणि रस्त्याकडेला अननसाचे ढीग होते. मुलीने बापाच्या डोक्यावर बाटलीभर पाणी ओतले. मुरलीराव हसले. तसे हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

माथ्यावरची फेरी झाली. दुपारी एकच्या सुमारास आम्ही उतरायला लागलो.

पहिली काही वळणे मजेत गेली. पॅडल न मारता धावायचे, हे सुख मला नवे होते. साईप्रिया पुढे होती, आम्ही शंभर हात मागे. पंचावन्नाव्या वळणानंतर माझ्या रिमा तापू लागल्या. ब्रेकचे रबर जुने होते, दगडासारखे कडक झालेले. सपाट रस्त्यावर बैल आडवा आला की एकदा दाबायचे, एवढीच त्यांना सवय. इथे ते सुटतच नव्हते. जळका वास येऊ लागला. मग रबर संपले आणि आतले लोखंड रिमेवर घासू लागले. पुढचा ब्रेक आता नुसताच घासत होता; मुरलीरावांनी मागचा सगळा जोर लावून दाबला, आणि त्याची वायर मुळाशी तुटली.

ती तुटली तो आवाज अगदी लहान होता, मित्रांनो. सुपारी फोडल्यासारखा. त्यानंतर मला कोणी धरून ठेवलेले नव्हते.

इतक्या वर्षांत मी तशी कधी धावले नव्हते. मुरलीरावांनी बूट रस्त्यावर घासला, पण पाय झटका देऊन वर उडाला. एक वळण त्यांनी कसेबसे काढले. समोर सरळ उतार होता आणि त्यावर साईप्रिया सावकाश चालली होती, गाणे गुणगुणत. आम्ही दगडासारखे तिच्या दिशेने येत होतो. मला वाटले आता ते हाक मारतील. कोणीही मारली असती. त्यांनी ओठ घट्ट मिटले. अंग डोंगराच्या बाजूला झुकवले आणि तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून मला पुढे नेले.

तिला वाटले बाप थट्टा करतो आहे. हळू, अप्पा, असे ती मागून हसत म्हणाल्याचे मला अर्धवट ऐकू आले.

पुढचे वळण एकेचाळिसावे. त्याच्या बाहेरच्या अंगाला गुडघाभर उंचीचा कठडा होता आणि कठड्यापलीकडे फक्त झाडांचे शेंडे होते. आतल्या अंगाला, रस्ता दुरुस्त करणाऱ्यांनी टाकलेला बारीक खडीचा ढीग होता. मुरलीरावांनी मला त्या ढिगात घातले. माझे पुढचे चाक आत रुतले, ते धरणारा चिमटा वाकला, आणि ते माझ्यावरून उडून ढिगापलीकडे पडले.

साईप्रिया वळणावर आली. तिला मी दिसले. वाकडी, आडवी, मागचे चाक अजून फिरत असलेली. माणूस दिसला नाही. तिने पहिल्यांदा कठड्याकडे पाहिले. त्या वेळचा तिचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. ती कठड्यापाशी गेली नाही. दोन पावले टाकली आणि तिथेच उभी राहिली. पुढे जाऊन खाली पाहण्याचे धैर्य तिला होईना.

मग ढिगामागून खडी सरकल्याचा आवाज आला.

ते बसले होते. डावा खांदा खाली लोंबत होता, कपाळ खरचटले होते. ती त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली. वरून येणारे दोन सायकलस्वार थांबले आणि मागच्या मदतगाडीला फोन लावू लागले. शेवटी साईप्रियाने अगदी हळू विचारले, "अप्पा, हाक का नाही मारली?"

मुरलीराव म्हणाले, "तू वळून पाहिले असतेस."

तेवढेच. वळून पाहिले असते तर तिची सायकल आमच्या आडवी आली असती; बाजूने जाताना बाप काय करीत होता, हे तिला तेव्हा कळले. तिला एकदम थंडी वाजू लागली, भर दुपारी.

मदतगाडीतून अंबुजा नावाच्या डॉक्टरीण बाई उतरल्या. त्यांनी हात झोळीत बांधला आणि सांगितले की गळ्याजवळचे हाड मोडले आहे, पण माणूस वाचला आहे. मग त्या माझ्यापाशी आल्या. माझ्या ब्रेकवरून त्यांनी बोट फिरवले आणि बोट काळे झाले. "हे कोणी तपासले होते?" त्यांनी विचारले.

उत्तर मला ठाऊक होते. आदल्या संध्याकाळी नंबर वाटत होते तिथे प्रत्येकाला एक कागद भरायचा होता. मुरलीराव भिंतीशी बसून दहीभात खात होते, म्हणून दोन्ही कागद साईप्रियानेच भरले. त्यात एक ओळ होती, ब्रेक तपासले आहेत. तिने दोन्हीकडे बरोबरची खूण केली. माझ्याकडे वळूनही पाहिले नाही.

आता तिने माझ्याकडे पाठ फिरवली. आम्हां तिघांना गाडीत घालून खाली नेण्यात आले. शंभर मैलांपैकी आमचे निम्मेही झाले नव्हते. संध्याकाळी विशालाक्षीला फोन गेला तो असा की वाळूवरून चाक घसरले, थोडे लागले आहे.

घरी आल्यावर मी पुन्हा जिन्याखाली गेले, वाकलेल्या चिमट्यासह. मुरलीराव हात बांधून झोपाळ्यावर बसत. तसे ते पूर्वीही कमी बोलत, आता तर विचारल्याशिवाय बोलेनात. साईप्रिया त्यांना औषध देई, पाणी देई, पण नजर देत नसे. ती माझ्या जवळून गेली की पावले भरभर उचली. घरात कोणी मेले नव्हते, तरी सुतक असल्यासारखे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी दुपारी विशालाक्षी भंगारवाल्याला द्यायचे सामान काढत होती. तिने मला उजेडात ओढले. गणिताची बाई ती, वाकून एकेक भाग नीट पाहू लागली. तुटलेली वायर पाहिली. रिमेवरचा ओरखडा नखाने चाचपला. मग ती पायरीवर खाली बसली.

"वाळूवर घसरले तर ब्रेक असे झिजत नाहीत," ती आत ऐकू जाईल असे म्हणाली.

साईप्रिया दारात आली. आणि मित्रांनो, नऊ दिवस तुंबलेले सगळे एकदम वाहिले. वायर, कठडा, वीतभर अंतर, कागदावरची खूण. मी लिहिले, मी पाहिलेच नाही, मी अप्पांना मारत होते, असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. विशालाक्षीचा हात माझ्या सीटवर होता. आपण त्या दोघांना निरोप देताना फक्त फोन करा म्हणालो, एवढेच तिच्या मनात येत असावे.

तेवढ्यात मुरलीराव झोपाळ्यावरून उठून आले. इतके बोलताना मी त्यांना कधीच ऐकले नव्हते. ते म्हणाले, "मणीने मला विचारले होते. रबर बदलू का, म्हणाला. मी म्हटले, आपल्या गावात ब्रेक कोणाला लागतो. दोनदा विचारले त्याने. तू खूण केलीस, पण बसणारा मी होतो."

मुलीने मान वर केली. ती नऊ दिवस जे आपले एकटीचे समजून वाहत होती, तेच हा माणूसही वाहत होता, त्याच घरात, तिच्याच हातचे पाणी पिऊन. दोघे एकमेकांकडे अशी पाहत राहिली जणू पुन्हा एकदा घाटातच उभी आहेत. विशालाक्षीने कोणाला दोष दिला नाही. ती म्हणाली, "भंगारवाल्याला नको म्हणून सांगते," आणि आत गेली. बराच वेळ तिने नळ चालू ठेवला होता, रडणे बाहेर ऐकू येऊ नये म्हणून असावे.

मणीने मला दुसऱ्याच एका सायकलचा काळा चिमटा बसवला, कारण माझ्या मापाचा हिरवा आता मिळत नाही. दिसते मी विचित्र. साईप्रिया त्याच्या दुकानात तीन दिवस स्टूलावर बसून होती. वायर कशी ओवायची, रबर रिमेला कसे समोरासमोर बसवायचे, हे ती शिकली. मणी म्हणाला की शिकलेल्या मुलींचे हात इतके काळे झालेले त्याने पाहिले नाहीत. मुरलीरावांचा खांदा जुळेपर्यंत तीच मला ओरत्तनाडूच्या रस्त्याने फिरवून आणत होती.

परवा त्या सायकलफेरीवाल्यांचा निरोप आला, यंदा येणार का म्हणून. साईप्रियाने तो वाचून दाखवला. मुरलीराव विचार करून म्हणाले की आपण जाऊ, पण पायथ्याशी पाणी वाटायला. ती म्हणाली बरे. उतारावर तिची बोटे अजून आखडतात. रेल्वेच्या पुलावरही ती उतरून चालते, आणि मुरलीराव तिच्याबरोबर मला हातात धरून चालतात. कधी संपेल हे, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, आम्हा सायकलींना तोंड नसते. आमचे काय दुखते ते आम्ही कुरकुरून, करकरून सांगतो, आणि सपाटीवर तेही कोणाला ऐकू येत नाही. म्हणून सांगते, बसण्यापूर्वी दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहा. तुमचा रस्ता सपाट असला तरी पाहा. कोणी विचारले, तपासले का, तर कागदाकडे नको, आमच्याकडे वळा आणि हात लावा. आणि तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी असेल, जे कधीच काही बोलत नाही. त्याच्याजवळून जाताना जरा थांबा.